सेन्सरचा आकडा दहा मिनिटं जुना असतो, तो वाचायचा कसा

आमच्या फ्रीजवर एक दोनशे पानी वही असते. तिच्यात चार रकाने आहेत: वेळ, बोटाचा आकडा (बोट टोचून मीटरवर मोजलेली रक्तातली शुगर), सेन्सरचा आकडा (दंडावर बसवलेलं, सतत शुगर मोजणारं यंत्र दाखवतं तो) आणि दहा मिनिटांनंतरचा सेन्सरचा आकडा. चौथा रकाना सुरुवातीला नव्हता. लेकीच्या दंडावर पहिला सेन्सर बसवला तेव्हा मी दोनच आकडे शेजारी शेजारी लिहायचे, आणि ते जुळले नाहीत की माझा जीव खाली-वर व्हायचा. बोट म्हणतंय १६८, सेन्सर म्हणतोय १४१. खरं कुणाचं धरायचं? इन्सुलिन कुठल्या आकड्यावर द्यायचं?

मुलगी चौथीत असताना तिला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. आता ती सातवीत आहे. आम्ही राहतो फलटणला, डॉक्टर पुण्याला. दर तीन महिन्यांनी जाऊन येतो, मधले दिवस आपले आपणच निभवायचे असतात. ज्यांच्या घरात नुकताच सेन्सर आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डोस किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील. समोरचा आकडा वाचायचा कसा, एवढंच मला सांगता येईल.

सेन्सर रक्तात नसतोच

हे आधी पक्कं समजून घ्या, कारण बाकी सगळं यातूनच निघतं. सेन्सरची सुई आत जाते आणि लगेच बाहेर येते. मागे उरतो तो जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, केसासारखा बारीक तंतू. त्याच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम लावलेलं असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो, आणि त्या प्रवाहावरून यंत्र आकडा काढतं. पण हा तंतू शिरेत नसतो. कातडीखाली पेशींच्या अवतीभवती जो द्रव असतो, त्यात तो बसलेला असतो. रक्तातली शुगर आधी वाढते, मग केशवाहिन्यांतून झिरपून त्या द्रवात येते.

आमचं शेत नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आहे, म्हणून मला हे शेतावरूनच समजलं. पाटाला पाणी आलं म्हणजे उसाच्या शेवटच्या सरीतली माती भिजली असं होत नाही. ती भिजायला वेळ जातो. आणि पाण्याची पाळी संपून पाट कोरडा पडला तरी सरीतली माती बराच वेळ ओलीच असते. रक्त म्हणजे पाट, सेन्सर खोचलेला आहे सरीतल्या मातीत. शुगर चढत असताना सेन्सर रक्तापेक्षा कमी दाखवतो आणि उतरत असताना जास्त दाखवतो. यातलं दुसरं जास्त धोक्याचं आहे.

निरोगी माणसांवर उपाशीपोटी केलेल्या मोजमापात ग्लुकोज रक्तातून या द्रवात यायला पाच-सहा मिनिटं लागतात असं दिसलं आहे. त्यात सेन्सरच्या स्वतःच्या रसायनाला लागणारा वेळ आणखी मिळवायचा. शिवाय आकडा उगाच उड्या मारू नये म्हणून यंत्र आतल्या आत सरासरी काढतं, त्यालाही वेळ लागतो. सगळं धरून पाच ते पंधरा मिनिटं होतात. मी घरात सरळ दहा धरते, हिशेबाला सोपं पडतं.

बाण आधी, आकडा नंतर

आता वहीतली ती ओळ. संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटं. जेवण होऊन पाऊण तास झालेला, ताटात भाकरी, वांग्याची भाजी आणि थोडा भात होता. बोट १६८, सेन्सर १४१, आणि त्या आकड्याशेजारचा, शुगर कुठे चाललीय ते दाखवणारा बाण सरळ वर. ७ वाजून २० मिनिटांनी सेन्सर १६६. म्हणजे सेन्सर चुकलेला नव्हताच, तो दहा मिनिटांपूर्वीचं सांगत होता. चौथा रकाना भरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी निवांत झोपले.

बहुतेक यंत्रांत बाण आडवा असेल तर शुगर मिनिटाला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी वेगाने हलतेय (मिलिग्रॅम म्हणजे दर डेसिलिटरमागे, शुगरचे सगळे आकडे याच मापात आहेत). तिरका असेल तर मिनिटाला १ ते २. सरळ उभा असेल तर मिनिटाला २ पेक्षा जास्त. काही यंत्रांत दोन उभे बाण दिसतात, म्हणजे ३ च्याही वर. तुमच्या यंत्राची पुस्तिका बघून हे एकदा कागदावर लिहून काढा आणि फ्रीजला चिकटवा. मग तोंडी हिशेब असा करायचा: वेग गुणिले दहा. तिरका बाण असेल तर रक्त दहा ते वीस मिलिग्रॅमने पुढे आहे. सरळ बाण असेल तर वीस किंवा त्याहून जास्त. बाण ज्या दिशेला आहे, त्या दिशेला रक्त पुढे गेलेलं असतं.

हा हिशेब समजला तशी मी शुगर कमी झाल्याच्या अलार्मची पातळी बदलली. ७० च्या खाली शुगर गेली की ती लो धरतात, म्हणून मी अलार्मही ७० वरच ठेवला होता. पण शुगर मिनिटाला २ ने उतरत असेल आणि सेन्सर ७० दाखवत असेल, तर रक्तात त्या क्षणी ५० असू शकते. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर लो. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी मान्य केलं, आणि आता अलार्म ८० वर आहे. रात्री एखादा अलार्म जास्त वाजतो, वाजू दे.

लो वर आणताना सेन्सरकडे बघू नका

सगळ्यात जास्त चुका माझ्या इथे झाल्या, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्या वर्षी एका संध्याकाळी ती क्लासवरून सायकलने आली. हात थरथरत होते, कपाळावर घाम. सेन्सर ६४, बाण खाली. मी ग्लुकोज पावडर पाण्यातून दिली. पंधरा मिनिटांनी सेन्सर ५६, बाण अजून खालीच. मी परत दिली. दहा मिनिटांनी ५८. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरीला काहीतरी खायला तरी दे." लाडू दिला. दोन तासांनी शुगर २९० आणि पोरीचं डोकं दुखायला लागलेलं. इन्सुलिन द्यावं तर पुन्हा लो होण्याची भीती. ती रात्र आम्ही तिघांनी जागून काढली.

आता नेमकी तशीच वेळ आली की काय करतो ते सांगते. सेन्सर ६४, बाण खाली. बोट टोचून बघितलं, ५८. ग्लुकोज दिलं. मोठ्या माणसांना साधारण १५ ग्रॅम देतात, मुलांचं प्रमाण वजनावर असतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी सेन्सर ५६ आणि बाण खाली, म्हणजे अगदी मागच्यासारखंच. पण बोट ८४. पाट वाहायला लागला होता, सरीत पाणी पोचायचं बाकी होतं. आणखी काही दिलं नाही. जेवणाला वेळ होता म्हणून थोड्या वेळाने एक पोळी दिली. सेन्सर हळूहळू चढत ९० च्या पुढे गेला आणि तिथे राहिला.

म्हणून नियम असा: लो झाली की ग्लुकोज, पंधरा मिनिटं घड्याळाची, आणि मग बोट. सेन्सर नाही. चिक्की, चॉकलेट, दूध यांनी लो वर आणायची नाही, त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. एक उशीर सेन्सरचा असताना त्यात दुसरा घालू नका. आणि मीटरची स्ट्रिप (रक्ताचा थेंब घ्यायची पट्टी) हाताशी नसेल, मूल थरथरत असेल, तर शोधाशोध करत बसू नका. आधी ग्लुकोज द्या.

दंडावर झोपल्यावर पडणारा खड्डा

रात्री २ वाजून ४० मिनिटांनी अलार्म वाजला, सेन्सर ५१. मी झोपेतून उठवून तिला साखरपाणी पाजलं. सकाळी २६०. असं एका आठवड्यात दोनदा झालं. तिसऱ्या वेळी दिवा लावून नीट बघितलं, तर ती डाव्या कुशीवर, सेन्सर अंगाखाली दाबलेला. बोट टोचलं तर ११८. तिला उजव्या कुशीवर वळवलं, वीस मिनिटांत सेन्सर आपोआप ११० वर आला.

दंड दाबला गेला की तिथलं रक्त आणि द्रव यांचं येणं-जाणं कमी होतं. तेवढ्या जागेत ग्लुकोज घटतं आणि सेन्सर तेच सांगतो. आलेखात ही खोटी लो ओळखू येते. रेषा सपाट चाललेली असते, एकदम विहिरीसारखी सरळ खाली जाते आणि तशीच सरळ वर येते. खरी लो बहुधा उतारासारखी येते, अर्धा-पाऊण तास आधीपासून रेषा कललेली असते. तरी आलेख बघून ठरवू नका. बोट टोचा. मी उशाशी मीटर, स्ट्रिपची डबी आणि छोटी बॅटरी ठेवते. झोपेत टोचलं तर ती आता उठतही नाही, बोट पुढे करते.

पुढच्या सेन्सरपासून आम्ही जागा थोडी मागे, दंडाच्या पाठीमागच्या बाजूला घेतली आणि ज्या कुशीवर ती जास्त झोपते त्याच्या उलट हाताला बसवायला लागलो. रात्रीचे खड्डे बरेच कमी झाले.

बोटाचा आकडाही चुकतो

हे मला उन्हाळ्यात कळलं. मे महिना, दुपार, आमरसासाठी पायरी आंबे पिळायला ती माझ्या शेजारी बसलेली. खायच्या आधी टोचलं तर २४३. सेन्सर १२८, बाण आडवा. मी इन्सुलिनचं पेन काढलंसुद्धा. मग तिच्या बोटांकडे लक्ष गेलं. पाण्याखाली हात धरला होता, पण साबण लावला नव्हता, नखांच्या कडेला पिवळा रस तसाच. साबणाने धुऊन, कोरडं पुसून पुन्हा टोचलं: १३४. त्या २४३ वर डोस दिला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही. फळ सोललं, गूळ फोडला, साखर मोजली की बोटावर डोळ्यांना न दिसणारी साखर राहते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट जात नाही. साबण आणि पाणीच लागतं. आणि बोट कोरडं हवं, नाहीतर पाण्याने रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो.

मीटरला स्वतःचीही सूट असते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या खालच्या शुगरला १५ मिलिग्रॅम आणि १०० व त्यावर १५ टक्के इतका फरक चालतो. शंभरातल्या पंच्याण्णव मोजण्या एवढ्यात बसल्या की मीटर पास. म्हणजे रक्तात खरी शुगर १२० असेल तर मीटरने १०२ दाखवलं काय नि १३८ दाखवलं काय, दोन्ही नियमात. आमच्या स्ट्रिपच्या डबीवर ३० अंशांच्या वर ठेवू नये असं छापलंय. फलटणच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या फळीवर ती ठेवली तर काय होणार? आमची डबी आता माठाशेजारच्या कोनाड्यात असते, झाकण घट्ट लावून.

सेन्सरच्या अचूकतेसाठी कंपन्या एक आकडा देतात, त्याला मार्ड म्हणतात. प्रयोगशाळेच्या मोजणीपासून सेन्सर सरासरी किती टक्के लांब असतो, ते त्यातून कळतं. फ्रीस्टाइल लिब्रे या ब्रँडच्या पहिल्या सेन्सरचा प्रसिद्ध झालेला मार्ड ११.४ टक्के होता, लिब्रे २ चा मोठ्यांमध्ये ९.२, लिब्रे ३ चा ७.९. डेक्सकॉम या दुसऱ्या कंपनीच्या जी ६ चा ९.०, आणि जी ७ दंडावर लावला तर मोठ्यांमध्ये ८.२. साधारण दहाच्या खाली मार्ड आला की त्या सेन्सरच्या आकड्यावर इन्सुलिनचा निर्णय घेता येतो असं मानतात. पण ही सरासरी आहे. कधी तुमचा सेन्सर २ टक्के लांब असेल, कधी २२ टक्के. पहिल्या दिवशी आणि शुगर झपाट्याने हलत असताना तो जास्त लांब जातो.

तुलना न्यायाने करायची तर

बोट आणि सेन्सर, दोघांनाही एकसारखी संधी द्या. बाण आडवा हवा. जेवून तीनेक तास झालेले हवेत, खेळून आलेली नको, नुकतंच इन्सुलिन दिलेलं नको. माझ्या अनुभवात सकाळी उठल्या उठल्या आणि रात्रीच्या जेवणाआधी या दोन वेळा चांगल्या. हात धुऊन बोट टोचा, त्याच मिनिटाला सेन्सर बघा, दोन्ही लिहा, दहा मिनिटांनी सेन्सर पुन्हा बघा. मी घरापुरता नियम ठेवलाय: १०० च्या खाली २० मिलिग्रॅमपर्यंत आणि वर २० टक्क्यांपर्यंत फरक असेल तर सेन्सर ठीक आहे. त्याहून जास्त आला तर लगेच दुसरं बोट, धुऊन. एका दिवशी चुकला म्हणून सेन्सर काढू नका. आडव्या बाणावर वेगवेगळ्या वेळी तीनदा चुकला तर वहीतल्या नोंदी आणि खोक्यावरचा क्रमांक समोर घेऊन कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. नोंदी असल्या की बोलणं सोपं जातं. एक सेन्सर पाच हजारांच्या आसपास पडतो, त्यामुळे हा फोन करायला संकोच नको.

नवा सेन्सर आम्ही रविवारी सकाळी बसवतो. सुई आत जाते तेव्हा तिथे बारीकशी जखम होते, जागा थोडी सुजते, पेशी दुरुस्तीला लागतात. तिथलं ग्लुकोज काही काळ अंगातल्या बाकीच्या ग्लुकोजसारखं नसतं. यंत्र तासाभरात आकडा दाखवायला लागतं, कुठलं अर्ध्या तासात, कुठलं दोन तासांत. तरी पहिल्या २४ तासांत मी त्या आकड्यावर डोस देत नाही, प्रत्येक डोसआधी बोट. रविवारी सगळे घरी असतात आणि रात्र होईपर्यंत सेन्सर बराच रुळलेला असतो. संध्याकाळी बसवला तर सगळ्यात बेभरवशाचे तास नेमके झोपेत येतात.

औषधांचं थोडक्यात सांगते, पण दुर्लक्ष करू नका. सर्दीत चघळायच्या व्हिटॅमिन सी च्या गोळ्या बहुधा ५०० मिलिग्रॅमच्या असतात. दिवसाला ५०० च्या वर गेलं तर लिब्रेसारख्या सेन्सरवर शुगर खोटी जास्त दिसू शकते, म्हणजे खरी लो झाकली जाते. लिंबू-आवळा नेहमीसारखा खाल्ला तर घाबरायचं कारण नाही. पॅरासिटामॉलने डेक्सकॉमचे जुने सेन्सर खोटं जास्त दाखवायचे. जी ६ पासून मोठ्यांना दर सहा तासांनी १ ग्रॅमपर्यंत चालतं. सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणारे रुग्ण विदर्भात आणि नंदुरबारकडे पुष्कळ आहेत. ते औषध चालू असताना डेक्सकॉम आणि मेडट्रॉनिकचे सेन्सर खोटं जास्त दाखवतात, त्यामुळे सेन्सर घेण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एवढं सगळं असून सेन्सर हवाच का, असं मला शाळेतल्या एका आईने विचारलं. हवा, परवडत असेल तर. बोट टोचून दिवसाला सहा-सात ठिपके मिळतात, मधलं काही दिसत नाही. सेन्सर ते मधलं दाखवतो. पोह्यांनी किती चढते, भाकरीने किती, पीटीच्या तासानंतर तीन तासांनी काय होतं, हे मला त्याच्याशिवाय कधीच कळलं नसतं. एखादा आकडा दहा टक्के इकडे-तिकडे असला तरी सेन्सरच्या चौदा दिवसांची रेषा खोटं बोलत नाही. ७० ते १८० च्या मधे दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ राहावं, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, हे २०१९ साली ठरलेलं उद्दिष्ट आहे. ते मोजायला सेन्सरच लागतो. वर्षभर परवडत नसेल तर डॉक्टरांशी बोलून तीन-चार महिन्यांतून एकदा बसवा आणि त्या चौदा दिवसांत वही नीट ठेवा.

शाळेचं मात्र मला वेगळं बघावं लागलं. एका शिक्षकांनी तिच्या मोबाइलवर ९५ बघून, "शुगर ठीक आहे, पळ," असं सांगितलं होतं. बाण सरळ खाली होता. त्यांचा काही दोष नव्हता, बाण वाचायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता तिच्या कंपासपेटीत एक कार्ड असतं, आणि तेच कार्ड वर्गशिक्षिका व पीटीच्या सरांकडे आहे. तिच्याच अक्षरात लिहिलेलं:

"मला टाइप १ मधुमेह आहे. मोबाइलवरचा आकडा दहा मिनिटांपूर्वीचा असतो. बाण खाली असेल आणि आकडा १०० च्या आत असेल तर मला पळायला लावू नका, खाली बसवा. मला घाम आला, हात थरथरले किंवा मी विचित्र बोलले तर मोबाइल काहीही दाखवत असला तरी दप्तराच्या पुढच्या कप्प्यातली ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. मला एकटीला कुठेही पाठवू नका. पंधरा मिनिटांनी माझं बोट टोचायला मला मदत करा, मीटर त्याच कप्प्यात आहे. मी शुद्धीवर नसेन तर तोंडात काहीही घालू नका, मला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि मग आईला."